पेट्रोल पंपाखालची गळती आणि तिचा तपास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोझलमधून फरशीवर सांडलेलं पेट्रोल सगळ्यांना दिसतं. जमिनीत पुरलेल्या टाकीतून किंवा पाईपच्या सांध्यातून जे जातं, ते मात्र महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. शेजारच्या विहिरीवर तवंग आला की मग धावाधाव सुरू होते. विहिरीला वास येण्याच्या कितीतरी आधी ही गळती पंपाच्या स्टॉक रजिस्टरमध्ये उतरलेली असते, फक्त ते रजिस्टर त्या नजरेनं कुणी वाचलेलं नसतं. पंपाशेजारी राहणारे, पंप चालवणारे आणि पंपावर काम करणारे नेहमी विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत.

विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतोय. सगळ्यात आधी काय करायचं?

ते पाणी पिणं, स्वयंपाकाला घेणं आणि त्यानं अंघोळ करणं लगेच थांबवा. विहिरीवरची मोटर चालू करू नका, कारण स्टार्टरमधली ठिणगी वाफेला पुरते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती विहिरीत तळाकडे साचून राहते आणि हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ टक्के झालं तरी पेट घेऊ शकते. म्हणून विहिरीत कुणीही उतरू नये. काडी पेटवून पाहणं तर सोडाच, वाकून बॅटरी लावून पाहण्याचाही मोह टाळा. विहिरीभोवती दोर बांधा, पोरांना लांब ठेवा आणि १०१ किंवा ११२ वर कळवा.

त्यानंतर तारीख, वेळ, वास कधीपासून आहे, आदल्या दिवसांत पाऊस झाला का, विहिरीत पाणी किती हातांवर आहे, हे सगळं कागदावर लिहून ठेवा. पुढे तपासाला ही नोंद फार उपयोगी पडते.

वास गेला. आता पाणी चांगलं झालं ना? उकळून घेतलं तर?

नाही. पेट्रोलमधला सगळ्यात घातक घटक बेंझिन. माणसाला कर्करोग होतो हे निश्चित झालेल्या पदार्थांत त्याची गणना होते. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात बेंझिनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे, अमेरिकेत ती ५ आहे. पाण्यातलं बेंझिन नाकाला किंवा जिभेला कळतं, तेव्हा ही मर्यादा कितीतरी पट ओलांडलेली असते. त्यामुळे वास आला तर पाणी नक्की खराब आहे, पण वास गेला म्हणून ते चांगलं झालं असं धरता येत नाही.

उकळल्यानं बेंझिन पाण्यातून उडून स्वयंपाकघरातल्या हवेत येतं आणि श्वासातून आत जातं. तुरटी, क्लोरीन, साधी कँडल यांचा काहीच उपयोग नाही. सक्रिय कोळशाचा मोठा फिल्टर बेंझिन धरून ठेवतो, पण कोळसा कधी संपला ते वारंवार पाणी तपासल्याशिवाय कळत नाही. तपासाचा निकाल हाती येईपर्यंत टँकरचं पाणी वापरणं हाच सुरक्षित मार्ग.

थोडंसं पेट्रोल गेलं जमिनीत, त्याचा एवढा बाऊ कशाला?

हिशेब करून पाहू. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त १ टक्का चालतं, म्हणजे लिटरला १० मिलिलिटर, वजनात जवळपास ८.८ ग्रॅम. हे सगळं पाण्यात उतरलं, तर लिटरला १० मायक्रोग्रॅम या मर्यादेपर्यंत आणायला ८ लाख ८० हजार लिटर पाणी लागेल. हे फक्त एका लिटर पेट्रोलचं झालं.

आता एका सांध्यातून सेकंदाला एक थेंब पडतोय असं धरा. दिवसाला सव्वाचार लिटर होतात आणि वर्षाला दीड हजारांहून जास्त. एवढी बारीक गळती रोजच्या डीपमध्ये, म्हणजे टाकीत मोजकाठी बुडवून घेतलेल्या मापात, दिसत नाही. का दिसत नाही आणि कशी दिसू शकते, ते पुढे येतंच.

गळती नेमकी कुठे होते?

लोकांच्या मनात पहिली येते ती गंजलेली टाकी. जुन्या एकेरी पोलादी टाकीला, विशेषतः क्षारयुक्त किंवा ओलसर काळ्या मातीत, गंज पकडतोच. पण टाकीइतकंच पाईप आणि त्यांच्या सांध्यांकडे, डिस्पेन्सरच्या (गाडीत पेट्रोल भरणाऱ्या यंत्राच्या) खालच्या खड्ड्याकडे आणि टँकरचा माल टाकीत ओतायच्या फिल पाईपच्या तोंडाकडे पाहावं लागतं. टँकर खाली करताना थोडं-थोडं सांडणं हे नेहमीचं असतं. एका वेळचं ते किरकोळ वाटतं, पण तेच पेट्रोल दहा वर्षं एकाच जागी मुरत गेलं, तर फिल पाईपभोवतीची माती पूर्ण भिजलेली सापडते.

तपास सुरू कुठून करतात? खोदकामापासून?

तपास वहीपासून सुरू करावा. खोदाईला पैसे लागतात, वेळ लागतो आणि कुठे खोदायचं हे माहीत नसेल तर दोन्ही वाया जातात. वही फुकट असते आणि तिच्यात मागच्या कित्येक वर्षांचा साक्षीदार बसलेला असतो.

पंपावर रोज सकाळी डीप घेतात आणि डीप चार्टवरून टाकीत किती लिटर आहे ते काढतात. सुरुवातीचा साठा, अधिक टँकरने आलेला माल, वजा मीटरप्रमाणे झालेली विक्री, म्हणजे टाकीत असायला हवा तेवढा माल. प्रत्यक्ष डीप त्यापेक्षा कमी आला तर तूट, जास्त आला तर वाढ.

रोजच्या एका आकड्यावर विसंबून काही ठरवता येत नाही. दोन मीटर व्यासाची, साडेसहा मीटर लांबीची आडवी टाकी अर्धी भरलेली असताना डीप वाचण्यात एक मिलिमीटरचा फरक पडला, तर १३ लिटर इकडचे तिकडे होतात. सेकंदाला थेंब ही गळती दिवसाला सव्वाचार लिटरची, म्हणजे ती या चुकीतच दडून जाते. पण वाचण्यातली चूक कधी कमी बाजूला असते, कधी जास्त. गळती कायम कमीच करते. म्हणून रोजचा फरक आधीच्या बेरजेत मिळवत जायचं आणि ती चढती बेरीज आलेखावर मांडायची. चुका एकमेकींना खातात आणि रेघ शून्याच्या आसपास डोलत राहते. गळती असेल तर रेघ एका तारखेपासून खाली वळते आणि पुन्हा वर येत नाही. ती तारीख तपासात सोन्याच्या मोलाची असते. त्या आठवड्यात काय घडलं होतं? नवीन डिस्पेन्सर बसवला होता का? शेजारी केबलसाठी चर खोदला होता का?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमांत अशी महिन्याची कसोटी ठरलेली आहे. महिन्याच्या उलाढालीच्या १ टक्का अधिक १३० गॅलन, म्हणजे साधारण ४९० लिटर, याहून फरक जास्त आला की संशय धरायचा. आलेख त्याहून बारीक गोष्ट दाखवतो आणि त्याला एक वही नि पेन्सिल पुरते.

तूट तर नेहमीच येते. पेट्रोल उडतं, तापमान बदलतं. मग ती गळतीच कशावरून?

प्रश्न रास्त आहे. तुटीला गळतीशिवाय निदान चार कारणं असतात आणि प्रत्येकाची चाल वेगळी असते.

तापमान: पेट्रोल अंशाला साधारण एक हजारांश भागाने फुगतं किंवा आक्रसतं. दुपारच्या उन्हात तापून आलेला १२,००० लिटरचा माल जमिनीखाली दहा अंशांनी थंड झाला, तर १२० ते १४० लिटर नुसते आकसून जातात. ही तूट टँकर आल्याच्या दुसऱ्या दिवशी दिसते आणि तिथेच थांबते. टँकरमधूनच माल कमी आला असेल, तर तीही तूट टँकरच्याच दिवशी पडते.

मीटर: पाच लिटरच्या शिक्क्याच्या मापात २५ मिलिलिटरपर्यंत फरक चालतो. नोझल तेवढं जास्त देत असेल, तर २,००० लिटरच्या विक्रीला १० लिटर जातात. ही तूट विक्रीच्या प्रमाणात वाढते. माप लावलं की पाच मिनिटांत सोक्षमोक्ष लागतो.

बाष्पीभवन: हे पेट्रोलला लागू आहे, डिझेल फारसं उडत नाही. म्हणून डिझेलच्या टाकीत सतत तूट दिसत असेल आणि कुणी ‘उडालं’ म्हणत असेल, तर ते मान्य करू नका.

चोरी राहिली. वहीत ती गळतीसारखीच दिसते, म्हणून तिचा वेगळा तपास करावा लागतो.

आता गळतीची चाल. टाकीला भोक असेल तर पंप बंद असतानाही माल जातो. रात्री विक्री थांबल्यावर एक डीप आणि पहाटे विक्रीआधी एक डीप घेतला की ते उघड होतं. भोक तळाला नसून बाजूला असेल, तर पातळी त्याच्या खाली उतरली की तूट थांबते. म्हणजे तूट कोणत्या डीपला थांबते हे पाहून भोक कोणत्या उंचीवर आहे तेही सांगता येतं. टाकीतल्या सबमर्सिबल पंपानं दाबाखाली माल पुढे ढकलणारी लाईन फुटली असेल, तर मोटर चालू असतानाच माल जातो आणि गळती विक्रीच्या मागे लपते. अशा वेळी नोझलची तपासणी ठीक आणि तरी विक्रीसोबत तूट वाढतेय, ही खूण धरा. जुन्या, वरून खेचणाऱ्या पंपाच्या लाईनला चीर पडली तर बहुधा माल बाहेर जाण्याऐवजी हवा आत शिरते आणि डिस्पेन्सर अडखळायला लागतो.

पावसाळ्यात टाकीत पाणी सापडतं. त्याचा गळतीशी संबंध आहे?

असू शकतो, आणि याकडे फार दुर्लक्ष होतं. भूजल वर आलं की ज्या भोकातून उन्हाळ्यात माल बाहेर जात होता, त्यातूनच पाणी आत येतं. पाणी फिल पाईपच्या सैल झाकणातूनही शिरतं, म्हणून आधी झाकण आणि मॅनहोल पाहायचं. ते कोरडं असेल आणि तरी पाणी वाढत असेल, तर टाकीची चाचणी लांबवू नका.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे यात एक अडचण वाढली आहे. थोडं पाणी इथेनॉलमध्ये विरघळून दिसेनासं होतं. ते जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो. साध्या पेट्रोलसाठीची पाणी दाखवणारी पेस्ट तिथे फसू शकते, इथेनॉलसाठी चालणारी पेस्टच वापरा.

आमच्या पंपावर टाकीतली पातळी आपोआप मोजणारं ऑटोमॅटिक गेज आहे, अलार्म आहे. तरी वही कशाला?

अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या जॅक्सनव्हिल इथे काय झालं ते पाहा. जानेवारी २००६ मध्ये एक्सॉनच्या पंपावर ड्रिलिंग करताना कंत्राटदाराकडून जमिनीखालच्या पेट्रोलच्या लाईनला भोक पडलं. अलार्म वाजला, विक्री बंद झाली, यंत्रणेनं आपलं काम चोख केलं. दुरुस्तीला आलेल्यांना अलार्मचं कारण नीट कळलं नाही. त्यांनी गळती ओळखणारं उपकरणच चुकीचं जुळवलं, इतकं की चालू असलेली गळती त्याला नेहमीची स्थिती वाटू लागली. ३७ दिवसांत सुमारे २६,००० गॅलन, म्हणजे जवळजवळ एक लाख लिटर पेट्रोल जमिनीत गेलं. खाली भेगाळ खडक आणि आजूबाजूच्या घरांना खासगी विहिरींचं पाणी. खटले वर्षानुवर्षं चालले. २०११ मध्ये ज्यूरीनं दीड अब्ज डॉलरच्या आसपास भरपाई ठरवली आणि २०१३ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानं त्यातला एक अब्ज डॉलरचा दंडात्मक भाग रद्द केला.

अलार्म वाजला की ‘सेन्सर खराब आहे’ हे उत्तर सगळ्यात शेवटी यायला हवं. आधी विक्री बंद ठेवून लाईनची दाबचाचणी, मग वहीशी ताळा आणि दोन्ही स्वच्छ निघाले तरच सेन्सरकडे बोट. अलार्म रीसेट कुणी केला, कधी केला, कशाच्या आधारावर केला, हे सहीनिशी लिहिलेलं असावं.

आमची विहीर पंपापेक्षा उंचावर आहे. मग आम्हाला भीती नाही ना?

जमिनीचा उतार आणि खालच्या पाण्याचा उतार बहुधा सारखा असतो, पण नेहमी नाही. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसाल्टवर आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगा असलेला खडक आणि मग काळा पाषाण. मुरमात पेट्रोल सगळीकडे झिरपतं. खडकात ते भेगेनं जातं आणि भेग जिकडे नेईल तिकडे निघतं. त्यामुळे पन्नास फुटांवरची विहीर स्वच्छ आणि दोनशे फुटांवरची खराब, असं घडू शकतं. त्यात तुमच्या विहिरीवर पाच-सात एचपीची मोटर रोज तासन्‌तास चालत असेल, तर ती आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढते आणि चढावरची विहीरही सापडते. कोकण-गोव्याच्या जांभ्यात पोकळ्या असतात, तिथे प्रवास आणखी वेगानं होऊ शकतो.

पेट्रोल पाण्यावर तरंगतं, म्हणून भूजल खाली-वर होतं तसं तेही होतं. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की ते खालच्या थरांना माखत जातं. पावसाळ्यात पाणी चढलं की काही भाग पाण्याखाली अडकतो आणि वास कमी होतो. दरवर्षी हे चक्र फिरतं. म्हणून एकाच मोसमातल्या एका नमुन्यावर ‘आता काही नाही’ असा शेरा मारणं चूक आहे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर असे दोन्ही वेळचे नमुने मागा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत नव्या पंपासाठी शाळा, दवाखाने आणि वस्तीपासून ५० मीटर अंतर सांगितलं आहे आणि काहीही झालं तरी ३० मीटरच्या आत नाही असं म्हटलं आहे. ते अंतर पाळलं म्हणून भूजलही सुरक्षित झालं असं समजू नका.

तपासासाठी किती बोअर घ्यायला हवेत?

पाणी कोणत्या दिशेनं वाहतं हे कळायला कमीत कमी तीन, तेही एका रेषेत नकोत, त्रिकोणात हवेत. तिन्हींची पाण्याची पातळी एकाच दिवशी मोजली की उतार काढता येतो. एक बोअर पंपाच्या वरच्या अंगाला हवाच, कारण तिथलं पाणी स्वच्छ निघालं तरच खालची घाण पंपाची ठरते. पंपाच्या आवारात एकच बोअर घेऊन दिलेला अहवाल हातात पडला तर तो अपुरा आहे असं लेखी कळवा.

पाण्याचा नमुना बिसलरीच्या बाटलीत नेला तर चालेल?

चालणार नाही. बेंझिन उडून जाणारं आहे आणि प्लास्टिकमध्ये शिरणारं आहे. प्रयोगशाळेकडून ४० मिलिलिटरच्या काचेच्या छोट्या बाटल्या मिळतात, त्यांच्या झाकणाला टेफ्लॉनचा थर असतो. बाटली काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करायची आणि आत एकही बुडबुडा राहिलेला नाही हे पाहायचं. बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवायची. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत बेंझिन, टोल्युइन, इथिलबेंझिन आणि झायलिन या चौघांची तपासणी मागा. नुसती ‘पिण्याच्या पाण्याची तपासणी’ मागितली, तर क्षार, जडपणा आणि जंतू तपासून पाणी योग्य असल्याचा कागद मिळेल आणि पेट्रोलबद्दल त्यात एक अक्षर नसेल. हे वारंवार होतं आणि त्या कागदावर पुढे तक्रारी फेटाळल्या जातात.

जवळजवळ दोन पंप आहेत आणि एक गॅरेजही. कोणाचं पेट्रोल हे कसं ठरवणार?

तरंगणारा थर थोडासा मिळाला तरी गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर, त्याचा ठसा काढता येतो. पेट्रोल, डिझेल, रॉकेल आणि जुनं इंजिन ऑइल यांचे ठसे एकमेकांपासून स्पष्ट वेगळे असतात, त्यामुळे गॅरेजचा प्रश्न लवकर सुटतो. दोन पंपांत फरक करणं अवघड आहे, कारण माल बहुधा सारखाच असतो. तिथे पुन्हा वही आणि पाण्याची दिशा यांचाच आधार.

वय मात्र काही अंशी कळतं. देशभर शिसेयुक्त पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, म्हणून मातीत पेट्रोलसोबत शिशाची संयुगं सापडली तर गळती त्याआधीची. डिझेलमध्ये गंधक पाहतात. एप्रिल २०२० पासून बीएस-६ (भारत स्टेज या प्रदूषण-मानकांचा सहावा टप्पा) इंधनात ते दहा लाखांत १० भागांवर आलं, त्याआधीच्या बीएस-४ मध्ये ५० भाग चालायचं. पंपाचा मालक बदललेला असेल, तर या खुणांवरून जबाबदारी कोणाकडे जाते ते ठरू शकतं.

विहिरीला काही नाही, पण गटारातून पेट्रोलचा वास येतो. थांबून पाहावं का?

अजिबात थांबू नका. याची सगळ्यात भयंकर आठवण मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहराची आहे. तिथे पेट्रोल पंपातून नाही, तर जमिनीखालच्या पेट्रोल वाहिनीतून गळती झाली होती. जस्ताचा थर असलेला पाण्याचा पाईप तिला टेकून गेला होता, तिथे गंज धरून भोक पडलं आणि पेट्रोल सांडपाण्याच्या नळात उतरलं. रहिवासी वासाच्या तक्रारी करत होते. २२ एप्रिल १९९२ च्या सकाळी गल्ल्याच्या गल्ल्या उडाल्या आणि २०० हून अधिक माणसं गेली. गटारातला वास म्हणजे अग्निशमन दलाचं काम, त्याच मिनिटाला.

तक्रार कोणाकडे करायची?

आग किंवा स्फोटाचा धोका असेल तर अग्निशमन दल आणि पोलीस. पंपाच्या परवान्याचा आणि टाक्यांच्या सुरक्षिततेचा विषय ‘पेसो’ म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचा, तिचं मुख्यालय नागपूरला आहे. पाणी आणि माती दूषित झाल्याची तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे. जिल्हाधिकारी कार्यालय आणि तेल कंपनीच्या विभागीय कार्यालयाला प्रत द्या. विहिरींच्या पातळीची जुनी माहिती भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून मिळू शकते, ती जरूर मागा.

केंद्रीय मंडळाच्या वर सांगितलेल्या २०२० च्या सूचनांप्रमाणे १६५ लिटरपेक्षा जास्त सांडलं किंवा गळलं, तर ते तेल कंपनीनं स्वतःहून कळवायचं असतं. तक्रार लेखी द्या, पोच घ्या आणि तीत ‘टाकी व लाईनची दाबचाचणी’ आणि ‘मागील दोन वर्षांचा स्टॉक ताळेबंद’ या दोन मागण्या शब्दशः लिहा. नाहीतर कुणीतरी येऊन वरवर पाहून जातं.

नुकसानभरपाई मिळते का?

राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१० च्या कायद्याखाली मागता येते. प्रदूषण करणाऱ्यानं भरायचं हे तत्त्व त्या कायद्यातच आहे. लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. मुदती नीट लक्षात ठेवा. भरपाई आणि जागा पूर्ववत करून मागण्यासाठी पाच वर्षं, पण पर्यावरणाच्या इतर वादांसाठी फक्त सहा महिने. ही मुदत कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून मोजतात, म्हणून वास पहिल्यांदा आल्याची तारीख लिहून ठेवा असं सुरुवातीलाच सांगितलं.

पंपावर सांडलेलं पेट्रोल पाण्यानं धुतलं तर?

पाण्याबरोबर ते गटारात जातं. वाळू टाका, शोषू द्या, ठिणगी न पडणाऱ्या फावड्यानं उचलून झाकणाच्या डब्यात भरा. तोवर त्या भागातल्या गाड्या सुरू करू देऊ नका, हातानं ढकलत बाजूला न्या. हे काम करणाऱ्या मुलांना हातमोजे द्या, पेट्रोल कातडीतूनही आत जातं.

जागा साफ व्हायला किती काळ लागतो?

गळती लवकर सापडली आणि माल मुरमातच असेल, तर भिजलेली माती काढून, तरंगणारा थर उपसून आणि जमिनीतली वाफ खेचून काही महिन्यांत मोठी सुधारणा होते. खडकाच्या भेगांत गेलेलं पेट्रोल वर्षानुवर्षं थोडं थोडं सुटत राहतं. तेल खाणारे जिवाणू मदत करतात. आपल्याकडे ‘टेरी’ या संशोधन संस्थेनं बनवलेला ऑइलझॅपर, म्हणजे अशाच जिवाणूंचं मिश्रण, त्यासाठी वापरला गेला आहे. पण पेट्रोलमधलं इथेनॉल ते जिवाणू आधी खातात, त्यात ऑक्सिजन संपतो आणि बेंझिन मागे उरतं. त्यामुळे ‘निसर्ग करेल साफ’ म्हणून सोडून देण्याचा पर्याय इथेनॉलयुक्त पेट्रोलसाठी आणखी लांबचा ठरतो.

बंद पडलेल्या पंपाची जागा घर बांधायला घेतोय. काय पाहू?

जुन्या टाक्या काढल्या आहेत की जागेवरच भरून टाकल्या आहेत, याचा लेखी पुरावा मागा. काढल्या असतील तर खड्ड्याच्या तळाच्या मातीचा तपासणी अहवाल मागा. तो नसेल तर स्वतः तीन ठिकाणी माती तपासून घ्या: टाक्यांच्या तळाखाली, फिल पाईपजवळ आणि डिस्पेन्सर जिथे उभे होते तिथे. पंप २००० पूर्वीचा असेल तर त्यात शिशाची तपासणी घाला. बोअर घेतलाच तर पहिलं पाणी वर सांगितलेल्या काचेच्या बाटलीतच जाऊ द्या. अहवाल हातात येईपर्यंत इसारापुढे एक रुपयाही देऊ नका आणि जमीन दूषित निघाल्यास व्यवहार रद्द होऊन इसार परत मिळेल, ही अट साठेखतात वकिलाकडून घालून घ्या.